व्हिडिओ, गाणं आणि फोटो: तिन्हींसाठी एकच कॉम्प्युटर घ्यायचाय

षड्ज_शटर
नमस्कार मंडळी. मी घरीच गाणं रेकॉर्ड करते, त्याचा व्हिडिओही स्वतःच शूट करून जोडते. शिवाय फोटो आहेतच. लॅपटॉप ६ वर्षं जुना, रॅम ८ जीबी. फोटोंचं निभतं, पण ४के क्लिप टाइमलाइनवर टाकली की चित्र अडखळतं आणि आवाज पुढे निघून जातो. ओठ आणि तान जुळतायत की नाही, तेच कळत नाही. तगडं ग्राफिक्स कार्ड असलेला गेमिंग लॅपटॉप घे, असं जो तो सांगतोय. घेऊ का?

रात्रपाळी
थांबा, आधी एक बघा. क्लिप चालू ठेवून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये जीपीयू (ग्राफिक्सची चिप) निवडा. तिथे 'व्हिडिओ डिकोड' (व्हिडिओ उलगडण्याचं काम) असा आलेख असतो. तो तळाशी आणि सीपीयू (मुख्य प्रोसेसर) १०० टक्क्यांवर, असं दिसतंय का? कॅमेरा कोणत्या फॉरमॅटमध्ये शूट करतो, तेही सांगा.

षड्ज_शटर
अगदी तसंच दिसतंय! डिकोड शून्य. कॅमेऱ्याच्या मेनूत एच.२६५, १०-बिट, ४:२:२ असं आहे.

रात्रपाळी
मग दुखणं तिथेच आहे. एच.२६५ ही व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत. तिच्यात बहुतेक फ्रेम पूर्ण साठवलेल्या नसतात, आजूबाजूच्या फ्रेमपेक्षा काय बदललं तेवढंच असतं. त्यामुळे एक फ्रेम दाखवायला आधीच्या कित्येक उलगडाव्या लागतात. हे काम चिपमधलं खास सर्किट झटपट करतं, पण ४:२:२, म्हणजे रंगाची जास्त माहिती ठेवणारा प्रकार, सगळ्यांना जमत नाही. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या इन-बिल्ट ग्राफिक्सला जमतं, ॲपलच्या एम१ पासून पुढच्या चिप्सना जमतं. एनव्हिडियाने ते आरटीएक्स ५० मालिकेपासून आणलं. म्हणजे त्याआधीचं महागडं कार्ड घेतलंत तरी या क्लिपपुरतं ते नुसतं बसून राहील.

इंटेल घेणार असाल तर नावाच्या शेवटी 'एफ' असलेला प्रोसेसर घेऊ नका, त्यात इन-बिल्ट ग्राफिक्स नसतं. रॅम ३२ जीबी घ्या. मॅक घेतलात तर एम चिपच्या मशीनमध्ये रॅम नंतर वाढवता येत नाही, तेव्हा सुरुवातीलाच हवी तेवढी घ्या.

नवं मशीन येईपर्यंत प्रॉक्सी बनवा, म्हणजे क्लिपच्या हलक्या प्रती. एडिटिंग त्यांवर करायचं, एक्स्पोर्टला मूळ क्लिप आपोआप लागतात.

तानपुरा_ट्रॅक
गेमिंग लॅपटॉपला माझा ठाम विरोध. माझा एक सुंदर टेक असाच गेला: शेवटचा षड्ज विरत जातोय आणि मागे पंख्याची घरघर. नॉइज रिडक्शन लावलं तर घरघरीबरोबर स्वराची शेपटीही गेली. गाणाऱ्याने आधी मशीनचा आवाज ऐकावा, मग बाकीचं.

रेकॉर्डिंगला बफर, म्हणजे कॉम्प्युटर एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा, १२८ सॅम्पल ठेवा. ४८ किलोहर्ट्झला (सेकंदाला ४८ हजार सॅम्पल) त्याने २.७ मिलिसेकंदांचा उशीर होतो, ऑडिओ इंटरफेसची (माइक कॉम्प्युटरला जोडणारी पेटी) थोडी भर पडते, तरी गाताना जाणवत नाही. मिक्सिंगला ५१२ किंवा १०२४ करा, नाहीतर प्लगइन (आवाजावर लावायचे इफेक्ट) वाढले की कडकड सुरू होते. विंडोजवर ऑडिओ इंटरफेसचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर (कमी उशिराने आवाज पोचवणारा) टाका. आणि लॉजिक प्रो हे ॲपलचं रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर वापरायचं असेल तर प्रश्नच मिटला, ते विंडोजवर चालत नाही, मॅकच लागतो.

उन्हाची_तिरीप
फोटोवालीकडून दोनच गोष्टी. काही लॅपटॉपचे पडदे एसआरजीबीचे (स्क्रीनसाठी ठरलेला प्रमाणित रंगपट्टा) जेमतेम ६०-६५ टक्के रंग दाखवतात. त्यावर त्वचेचा रंग सुधारत बसलात की दुसऱ्या स्क्रीनवर चेहरे लालबुंद दिसतात. १०० टक्के एसआरजीबीचा आयपीएस मॉनिटर (बाजूने पाहिलं तरी रंग फारसे न बदलणारा) घ्या आणि कॅलिब्रेट करा, म्हणजे त्याचे रंग मापून जुळवून घ्या. दुसरं म्हणजे जागा. १०० एमबीपीएसने (सेकंदाला १०० मेगाबिट) शूट केलंत तर तासाला ४५ जीबी जातात. चालू काम वेगवान एनव्हीएमई एसएसडीवर, जुनं साध्या हार्ड डिस्कवर, आणि त्याची आणखी एक प्रत वेगळ्या ठिकाणी.

षड्ज_शटर
प्रॉक्सी करून पाहिल्या. त्याच लॅपटॉपवर अख्खा अंतरा न अडखळता चालला, एक तान अर्धी फ्रेम मागे होती तीही सापडली! आता डेस्कटॉपच घेते: 'एफ' नसलेला इंटेल, ३२ जीबी, ग्राफिक्स कार्ड सध्या नाही. ते पैसे मॉनिटरला. कॅबिनेट माइकपासून किती लांब ठेवू?

तानपुरा_ट्रॅक
केबल पुरेल तितकं लांब, जमिनीवर, आणि माइकची पाठ त्याच्याकडे. कार्डिऑइड माइक, म्हणजे मुख्यतः समोरचं ऐकणारा, मागून सगळ्यात कमी ऐकतो.