दर ठरला की जबाबदारी संपते का?

आडवाट

पाळणाघरातून मूल घ्यायची वेळ चारची आणि तुम्ही पोचता साडेचारला. सांभाळणाऱ्या बाई ताटकळल्या आहेत, मूल दप्तर अडकवून दाराशी उभं आहे. आपण ओशाळतो, दोनदा माफी मागतो आणि पुढचे काही दिवस वेळेआधीच हजर होतो.

ही भीड नाहीशी झाली की काय होतं, ते इस्रायलमधल्या हैफा शहरात दिसलं. युरी ग्नीझी आणि आल्दो रुस्तिकिनी या अर्थशास्त्रज्ञांनी तिथल्या १० पाळणाघरांत २० आठवडे नोंदी ठेवल्या. सुरुवातीचे चार आठवडे नुसतं पाहिलं. पाचव्या आठवड्यापासून ६ पाळणाघरांत दंड लावला. १० मिनिटं किंवा त्याहून जास्त उशीर झाला तर मुलामागे १० शेकेल (इस्रायलचं चलन). उशिरा येणारे पालक कमी व्हायचे ते वाढत गेले आणि जवळपास दुप्पट झाले. सतराव्या आठवड्यापासून दंड बंद केला, तरी संख्या खाली आली नाही.

पालकांनी दंडाला शिक्षा मानलंच नाही, जादा वेळेचं भाडं मानलं. भाडं भरलं की ओशाळायचं कारण उरत नाही. आणि मला जास्त अस्वस्थ करतो तो शेवटचा भाग. दर काढून घेतला तरी भीड परत आली नाही.

माझं म्हणणं असं, की किंमत लागली की त्या गोष्टीचं माणसामाणसातलं स्थानच बदलतं. आजाऱ्याजवळ रात्र काढणं, एकट्या म्हाताऱ्या माणसाला सोबत, मुलांवर तासभर लक्ष ठेवणं, ही कामं आधी कुणाला तरी हाक मारून व्हायची. आता ॲपवर दर पाहून होतात, आणि चोख होतात हे मान्य. पण कुणी कुणाचं देणं लागत नाही अशी माणसं एकमेकांच्या शेजारी राहिली, तर त्याला समाज म्हणावं का? विरोधी मतं वाचायची आहेत.

रोखठोक

विरोधी मत माझं घ्या.

त्या प्रयोगाचा एक तपशील नेहमी गाळला जातो. तिथे महिन्याचं शुल्क सुमारे १४०० शेकेल होतं. त्यापुढे १० शेकेल दंड म्हणजे पालकांना मिळालेली माहितीच, की उशीर फारसा गंभीर नाही. १०० शेकेल लावले असते तर चित्र वेगळं दिसलं असतं. तो दर चुकीचा होता, त्याचं खापर बाजारावर का फोडायचं?

दुसरं, ज्या भिडेबद्दल तुम्ही हळहळताय, तिची किंमत कोण मोजत होतं? दारात थांबलेली बाई. तिचा अर्धा तास फुकट जात होता. आजाऱ्याजवळ जागणं, म्हाताऱ्यांची सोबत, ही हाक मारून होणारी कामं बहुतेक वेळा घरातल्या बायकांच्या गळ्यात पडत, आणि नाही म्हणायची सोय नसे. दर ठरला की निदान नाही म्हणता येतं.

तिसरं, बाजार माणसाला आपमतलबी करतो हे गृहीतच तपासून पाहा. मानववंशशास्त्रज्ञ जोसेफ हेनरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १५ छोट्या समाजांत एक खेळ खेळवला. एकाला काही रक्कम द्यायची, त्यातला वाटा त्यानं समोरच्याला देऊ करायचा. समोरच्यानं नाकारला तर दोघांच्याही हाती काही नाही. पेरूच्या जंगलातल्या माचिगेंगा लोकांचा कुटुंबाबाहेर फारसा व्यवहार नव्हता. त्यांनी सरासरी २६ टक्क्यांच्या आसपास देऊ केलं. एकूण पाहता ज्या समाजांत खरेदी-विक्री जास्त, तिथला वाटा जास्त. आपल्या माणसाशी कुणीही बरं वागतो. ज्याचं तोंडही पुन्हा दिसणार नाही त्याच्याशी सरळ वागायची सवय व्यवहारातून लागते.

कुरणवाट

रोखठोक, तोच अभ्यास पूर्ण सांगा. सर्वांत उदार वाटे बाजारात मुरलेल्या लोकांनी दिले नव्हते. इंडोनेशियातल्या लामालेराचे लोक व्हेल पकडतात, त्यांनी सरासरी निम्म्याहून जास्त देऊ केलं. व्हेलची शिकार एकट्यादुकट्याला जमत नाही. होडीत दहा-बारा जण लागतात, आणि किनाऱ्यावर आल्यावर कोणता तुकडा कुणाचा हे आधीपासून ठरलेलं असतं. संशोधकांनी दोन कारणं मांडली होती. एक बाजाराशी संबंध आणि दुसरं रोजच्या पोटापाण्यासाठी एकमेकांची लागणारी गरज. तुम्ही पहिलं घेतलंत आणि दुसरं सोडलंत.

त्याच अभ्यासात न्यू गिनीतल्या आउ आणि ग्नाउ लोकांनी अर्ध्याहून जास्त वाटा मिळत असतानाही कित्येकदा नाकारला. मोठी भेट घेतली की देणाऱ्याच्या उपकारात राहावं लागतं, हे त्यांना नको होतं. म्हणजे देण्याघेण्याचा हिशेब त्यांच्याकडेही आहे आणि तो फार बारीक आहे. फक्त तो रकमेत फिटत नाही.

आणि अनोळखी माणसाशी सौजन्यानं वागणं वेगळं, सामायिक गोष्ट टिकवणं वेगळं. स्वित्झर्लंडच्या ट्योर्बेल गावात १५१७ चा लेखी नियम आहे. हिवाळाभर पोसता येतील तेवढीच गुरं प्रत्येकानं डोंगरावरच्या सामायिक कुरणात सोडायची. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी अशी कितीतरी उदाहरणं अभ्यासली, २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यासाठीच मिळालं. कुरण विकून टाकणं किंवा सरकारनं ताब्यात घेणं, या दोन वाटांखेरीज तिसरी असते हे त्यांनी दाखवलं.

निशिगंध

रक्तदानाचा विषय अजून आला नाही याचं आश्चर्य वाटलं. ब्रिटिश समाजसंशोधक रिचर्ड टिटमस यांनी १९७० मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेची तुलना करून दाखवलं, की पैसे देऊन घेतलेल्या रक्तात काविळीचा धोका जास्त, कारण विकणाऱ्याला आपला आजार लपवण्याचं कारण असतं. आडवाट यांच्या मुद्द्याला इतका थेट पुरावा दुसरा नसेल.

रोखठोक

तो रोख पैशांचा आणि त्या काळच्या चाचण्यांचा पुरावा आहे. अमेरिकन रेड क्रॉसच्या उत्तर ओहायोतल्या जवळपास १४,००० शिबिरांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे छोट्या भेटवस्तूंनी रक्तदाते वाढले, आणि नाकारावे लागलेल्यांचं प्रमाण वाढलं नाही. वाढीतला काही भाग शेजारच्या शिबिरांतून इकडे वळलेल्यांचा होता, हेही त्यातच आहे.

तराजू_७

दोन्ही बाजू बाजार म्हटलं की पैसा धरून चालताहेत, म्हणून हे लिहितो.

अमेरिकेत दान आलेलं अन्न देशभरच्या अन्नपेढ्यांना वाटणारी एक मोठी संस्था आहे, आज तिचं नाव फीडिंग अमेरिका. पूर्वी वाटप रांगेनं व्हायचं. तुमचा नंबर आला की मुख्यालयातून फोन येणार, एवढा ट्रक माल आहे, घेता का? पलीकडच्या पेढीला काय हवंय हे मुख्यालयाला नीट कळायचं नाही. ज्यांच्याकडे बटाट्यांचे ढीग, त्यांच्याही वाट्याला बटाटेच येऊ शकत.

२००५ मध्ये त्यांनी लिलाव सुरू केला, पण फक्त आपसात चालणाऱ्या लुटूपुटूच्या चलनात. ज्या पेढीवर जास्त गरजू अवलंबून, तिला जास्त चलन. दिवसातून दोनदा बोली लागते. खर्च झालेलं चलन पुन्हा गरजेच्या प्रमाणात सगळ्यांत वाटलं जातं. छोट्या पेढ्यांना उसनं घेता येतं, एकत्र बोली लावता येते. आणि झालं असं, की फळं-भाज्या अगदी स्वस्त गेल्या, कारण त्या स्थानिक पातळीवर मिळत होत्या. टिकाऊ पदार्थ चढ्या बोलीनं गेले. अमुक पेढीला अमुकची गरज आहे, हे कळवायला बोलीइतका सरळ मार्ग मिळाला नसता. लिलावामुळे त्या पेढ्यांमधला सेवाभाव आटला असं कुणी म्हणू शकेल का?

आडवाट

नाही म्हणणार, आणि तुमचं उदाहरण मला फार आवडलं. पण तिथे पैसा मुद्दाम दाराबाहेर ठेवलाय हे पाहा. चलन गरजेनुसार वाटलेलं, ते बाहेर कुठे चालत नाही, साठवून कुणी श्रीमंत होत नाही. आणि आपण कशासाठी जमलोय यावर सगळ्यांचं आधीच एकमत. सहकार्य आधी होतं, लिलाव नंतर आला. माझी तक्रार उलट क्रमाची आहे.

स्वित्झर्लंडमधल्या व्होल्फेनशीसन गावाचं पाहा. अणुकचरा तुमच्या हद्दीत साठवू का, असं १९९३ मध्ये तिथल्या लोकांना विचारलं. ५०.८ टक्के हो म्हणाले. भरपाई देऊ म्हटल्यावर होकार २४.६ टक्क्यांवर आला. देशासाठी आपण काहीतरी सोसतोय ही भावना गेली आणि हा सौदा परवडतो का, एवढाच प्रश्न राहिला.

सोबतीण

मी नेहमी फक्त वाचते. आज लिहावंसं वाटलं, कारण मी पैसे घेऊन वृद्धांची सोबत करते. आडवाट, पगार घेतल्यानं माझी आपुलकी कमी झाली असं मला एकदाही वाटलं नाही. पगार होता म्हणून मी दिवसभर तिथे थांबू शकले. नाहीतर मला दुसरं काम शोधावं लागलं असतं.

पण रोखठोक, तुमचंही सगळं पटत नाही. एकाच घरी वर्षानुवर्षं जात होते तेव्हा आजींना औषध कशासोबत दिलं की त्या घेतात, कोणत्या विषयावर बोललं की रडतात, हे मला माहीत होतं. ॲपवरून कामं घेऊ लागल्यापासून दर आठवड्याला घर वेगळं. आत गेल्यावर बटण दाबायचं, निघताना दाबायचं, मधली मिनिटं मोजली जातात. दहा मिनिटं जास्त थांबले तर ती कुणाच्याच हिशेबात नसतात. दोन्ही ठिकाणी मी पैसेच घेत होते.

रोखठोक

ताई, तुमचा प्रतिसाद या धाग्यावरचा सगळ्यात मोलाचा आहे. पण ही त्या कंपनीची कामाची पद्धत झाली. कुटुंबांना तेच माणूस हवं असेल तर ती त्यासाठी जास्त मोजतील, आणि दुसरी एखादी कंपनी ते देऊ लागेल. स्पर्धेनं हे सुटायला हवं.

सोबतीण

कुटुंबं मागतात हो. जास्त पैसे द्यायलाही तयार असतात. पण एकाच घरी सारखं पाठवलं की आमची ओळख होते, मग पुढचं काम आम्ही परस्पर ठरवतो आणि कमिशन बुडतं. म्हणून ओळख होण्याआधीच घर बदलतात. यात दुसरी कंपनी वेगळं काय करणार? तिलाही कमिशन हवंच असेल ना?