एनसीव्ही (नसांची तपासणी) नॉर्मल आलीय, मग आता ईएमजीची (स्नायूंच्या तपासणीची) सुई कशाला?

कृष्णाकाठ: बाबा ६१ वर्षांचे. उजव्या हाताची पकड गेलीय, शर्टाची बटणं आई लावते, अंगठ्याखालचा मांसल भाग पार बसलाय आणि दंडावरचं मांस मधूनच लवतं. मुंग्या, बधिरपणा काही नाही. मानेच्या एमआरआयमध्ये स्पॉन्डिलोसिस (मणक्यांची झीज) निघालाय, एनसीव्हीत सेन्सरी (स्पर्शाच्या) नसा एकदम नॉर्मल. तरी न्यूरोवाले म्हणतात एमएनडीची (मोटर न्यूरॉन डिसीजची) शंका आहे, सुईवाली ईएमजी करा, ती पण जिभेत न पाठीत! दुखणं हाताचं आणि सुई पाठीत, हे काय गणित?

सुईताई: मी लॅबमध्ये एनसीव्ही करते, सुई डॉक्टर घालतात. सेन्सरी नॉर्मल आलं म्हणून सुटलो असं धरू नका हो, एमएनडीत हालचालीच्या पेशी मरतात, स्पर्शाच्या नसा सहसा शाबूत राहतात, आणि मानेत नस दबली तरी सेन्सरी बहुतेक नॉर्मलच येते. फरक सुईत कळतो. मान बिघडली तर हात बिघडेल, पण जीभ किंवा छातीच्या मणक्यांलगतचे स्नायू काही मानेच्या नसांवर चालत नाहीत, त्यामुळे तिथेही स्नायू ढिला असताना फिब्रिलेशन (नस तुटलेल्या स्नायूतंतूंचे आपोआप उठणारे विजेचे ठोके) सापडली तर स्पॉन्डिलोसिसवर खापर फोडता येत नाही. मशीनच्या स्पीकरवर ती पत्र्यावर पाऊस पडल्यासारखी वाजतात.

निवांत_डॉक: बरोबर. पण एनसीव्ही वाया गेली नाही. मोटरच्या (हालचालीच्या नसांच्या) पानावर 'कंडक्शन ब्लॉक', म्हणजे नसेत मध्येच संदेश अडणं, लिहिलंय का बघा. असेल तर मल्टिफोकल मोटर न्यूरोपथी (हालचालीच्या नसांचा वेगळा आजार) असू शकते, तीही बहुतेकदा हातापासूनच सुरू होते आणि तिला आयव्हीआयजीने (शिरेतून दिलेल्या अँटीबॉडींनी) उतार पडतो, म्हणून ती आधी शोधायची. आणि नुसत्या ईएमजीवर कोणी एमएनडीचा शिक्का मारत नाही, तपासणी आणि दुखणं कसं वाढतंय ते धरूनच ठरतं. सुरुवातीला ईएमजी अर्धवटही येते, मग काही महिन्यांनी परत करतात.

कृष्णाकाठ: ब्लॉक नाही लिहिलेलं, अंगठ्याच्या नसेचा सीमॅप (नसेला झटका दिल्यावर स्नायूने दिलेला प्रतिसाद) कमी आहे फक्त. करून घेतो. बाबांना रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, चालेल ना?

सुईताई: गोळी मनाने बंद करू नका, पण अपॉइंटमेंट घेतानाच सांगा, पेसमेकर असेल तर तेही. त्या दिवशी अंगाला तेल लावू नका, इलेक्ट्रोड चिकटत नाहीत. आणि जिभेच्या सुईला घाबरतात सगळे, पण खरं कठीण असतं ते जीभ ढिली सोडणं.