रॉक स्लायडरचा रंग फुगलाय, खाली गंज. काय करू?

रत्नागिरीकर_४बाय४:
मंडळी, थारला रॉक स्लायडर (दाराखालचे जाड लोखंडी पाइप) बनवून घेतलेत, वर पावडर कोटिंग (भट्टीत भाजलेला पावडरचा रंग). जिथे दगडाला घासलं तिथे फोड आलेत, नखाने उचकटलं तर खाली लालभडक गंज आणि तो बराच लांब सरकलाय. घर समुद्राजवळ, पावसाळा तोंडावर. नुसता काळा स्प्रे मारला तर चालेल का?

घाटवाट:
नुसता स्प्रे अजिबात नको भाऊ. कोटिंगला चीर गेली की पाणी कडेने आत शिरतं, वरून सगळं ठीक दिसतं आणि खाली गंज चालूच राहतो. ग्राइंडरला फ्लॅप डिस्क लावून चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासा, थिनरने पुसा, त्याच दिवशी झिंक प्रायमर, मग एपॉक्सी, वर काळा पीयू (पॉलियुरेथेन) रंग. झिंक उघड्या लोखंडालाच भिडलं पाहिजे, त्यामुळे रस्ट कन्व्हर्टरवर (गंजावर मारायचं रसायन) ते मारू नका.

लोखंडवेडा:
बाहेरचं ठीक, पण पाइपच्या आतलं आधी बघा! खाली ड्रेन होल (पाणी निथळायची भोकं) आहेत का? नसतील तर वेल्डची जागा टाळून ८ मिमीचं पाडा, आत सुकलं की कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत मारायचं गंजरोधक मेण) मारा. पुढेमागे नवीन केलेत तर हॉट डिप गॅल्व्हनाइजच (वितळलेल्या जस्तात बुडवून थर) करा, फक्त बंद पाइपला भोकं हवीतच, नाहीतर ४५० डिग्रीच्या जस्तात आतली हवा-पाणी फुगून पाइप फुटतो, तिथल्या कामगारांच्या जिवावर बेततं.

रत्नागिरीकर_४बाय४:
होल नव्हतंच! आत्ता एक पाडलं तर तांबडं पाणी गळलं. दुसऱ्या बाजूचंही उद्याच करतो.