अकूस्टिकवर बेंड पूर्ण सुरात पोचत नाही, वर तारा गंजतात

वेंगुर्ल्याचावारा:
गिटार अकूस्टिक, तारा १२-५३ च्या (सगळ्यात बारीक पहिली तार ०.०१२ इंचाची, सगळ्यात जाड सहावी ०.०५३ ची). तिसऱ्या तारेवर सातव्या फ्रेटला (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्टीला) बेंड केला, म्हणजे तार आडवी ढकलून सूर चढवला, की सूर मधेच लटकतो, पूर्ण चढत नाही. जोर लावला तर शेजारच्या तारा वाजतात. पावसाळ्यात पहिल्या दोन तारा महिनाभरातच खरखरीत होतात. दोष हाताचा की गिटारचा?

कातळसडा:
तिसऱ्या तारेपुरता दोष तारेचा. १२-५३ मध्ये ती ०.०२४ इंचाची, वर वेढे असलेली असते. व्हिडिओत पाहता त्या इलेक्ट्रिकवर ९-४२ चा संच असेल, तर तीच तार ०.०१६ ची, बिनवेढ्यांची. दोघींकडून एकच अपेक्षा ठेवून कसं चालेल?

दुसऱ्या तारेवर या. आधी नववा फ्रेट वाजवून सूर कानात घ्या. मग आठव्यावर अनामिका, सातव्यावर मधलं बोट, सहाव्यावर तर्जनी, तिन्ही त्याच तारेवर. अंगठा मानेच्या वरून आणा, तर्जनीचं मूळ मानेच्या खालच्या कडेला टेकवा. तोच टेकू. आता बोटं सरळ न करता, कुलपात किल्ली फिरवावी तसं मनगट फिरवा. तार सहाव्या तारेकडे सरकेल. वर जाताना फ्रेटवरचा दाब सुटला तर आवाज मरतो, नव्या माणसाचं नेमकं इथेच बिनसतं.

ट्युनर (सूर दाखवणारं यंत्र) लावून ठेवा. आठव्यावर G दिसेल, अर्ध्या सुराला G शार्प, पूर्ण सुराला A. अर्धा सूर सलग नीट लागेपर्यंत पूर्णाच्या मागे लागू नका. घाई कित्याक?

खाडीपलीकडे:
शेजारच्या तारांचं: बेंड करताना तिसरी-चौथी तार बोटांच्या टोकांनी पुढे ढकलली जाते, तिथे त्या आपोआप दबतात. खरा गोंगाट परतताना होतो. म्हणून तर्जनीचं टोक तिसऱ्या तारेला हलकं टेकलेलं ठेवा आणि उजव्या तळव्याची कड जाड तारांवर ब्रिजजवळ (तारा फळीवर जिथे बसवलेल्या असतात तिथे).

बेंडनंतर तार उतरलेली वाटते का? खुंटी फिरवताना नटपाशी (मानेच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीपाशी) 'टक्' असा आवाज आला तर तार खाचेत अडकते आहे. तार सैल करून खाचेत ६बी पेन्सिलीचं शिसं घासा. खुंटीवर दोन-तीन वेढे पुरेत, ढीग घातला की तो बेंडच्या ताणाने आवळत राहतो.

बंदरावरचा:
गंजाबद्दल. खारी हवा आणि घाम एकत्र आले की बिनवेढ्यांच्या तारा आधी जातात. वाजवून झालं की सुती फडका तारांखालूनही फिरवा. खोबरेल लावू नका. वेढ्यांत धूळ बसते आणि तार बद्द वाजते. गिटार भिंतीवर न टांगता पेटीत, सोबत सिलिका जेल. ते उन्हात सुकत नाही, ओव्हनमध्ये १०० ते १२० अंशांवर सुकवावं लागतं. लेप दिलेल्या तारा महाग, पण इकडे परवडतात. गंजलेल्या तारेने बेंड करत राहिलात तर फ्रेटवर आडवे ओरखडे उठतात, मग नवी तारही खरखरते.

अजून एक: दमटपणाने पुढची फळी फुगते, तारा उंचावतात आणि बेंड जड होतो. बाराव्या फ्रेटवर सहाव्या तारेखाली ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसली तर लगेच ट्रस रॉड (मानेतली सळई) पिळू नका. फळीची फूग त्याने बसत नाही. आधी गिटार कोरडी होऊ द्या.

वेंगुर्ल्याचावारा:
तिसरी तार ०.०१७ ची, बिनवेढ्यांची लावली तर?

कातळसडा:
बेंड सुटेल, पण ब्रिजवरचं हाड वेढ्यांच्या तारेच्या हिशोबाने घासलेलं असतं, त्यामुळे वरच्या फ्रेटवर तीच तार चढी लागेल आणि कॉर्ड बेसूर वाटतील. नटची खाचही तिला सैल पडेल. त्यापेक्षा १०-४७ चा संच लावा आणि गिटार अर्धा सूर खाली लावून सराव करा.