सावलीतल्या वाफ्यात खाण्याजोगं काय लावू? मदत हवी आहे

घरामागे 10 बाय 12 फुटांची जागा आहे. पूर्वेला उंच भिंत, पश्चिमेला शेजारचं मोठं झाड. ऊन डोक्यावर आलं की जेमतेम अडीच तास पडतं, बाकी दिवसभर सावली.

टोमॅटो लावले. छातीएवढे वाढले, पण काटकुळे. चार फुलं आली, तीही गळाली. शेणखत वाढवलं तर नुसता पाला माजला. मेथी छान उगवली आणि आठवड्याभरात बुडाशी मऊ पडून आडवी झाली. पाणी रोज घालते, हयगय नाही. पुदिना मात्र माजलाय. झाड शेजाऱ्यांचं, त्यामुळे फांद्या तोडा असं कृपया सुचवू नका! टोमॅटोचा नाद सोडू का? आणि मग लावू काय?

प्रतिसाद १:
सोडाच. टोमॅटो, मिरची, वांगी यांना रोज किमान 6 तास थेट ऊन हवं. खताने उन्हाची भरपाई होत नाही. नत्र जास्त झालं की पालाच वाढतो, ते तुम्ही पाहिलंतच.

मेथीचा दोष मात्र सावलीवर ढकलू नका. ते रोप कोलमडणं आहे, बुरशीमुळे होतं, आणि रोजचं पाणी हे त्याचं आमंत्रण. सावलीत माती लवकर वाळत नाही. बोट इंचभर खुपसून पाहा, कोरडं लागलं तरच पाणी. बीही विरळ पेरा, म्हणजे वारा खेळेल.

आलं, हळद, अळू लावा. आल्याला 8 ते 10 महिने लागतात, मध्येच उकरून बघायचा मोह आवरा (मी आवरला नव्हता). पालक येईल, पाने लहान राहतील. पुदिना कुंडीत हलवा, नाहीतर पुढच्या वर्षी सगळा वाफा त्याचा.

धागाकर्ती:
रोजच्या पाण्याचा मला अभिमान होता! अळू थेट झाडाखाली चालेल का?

प्रतिसाद २:
जमिनीत नको. सावलीपेक्षा झाडाची मुळं जास्त त्रास देतात, पाणी आधी तीच ओढतात. मोठ्या कुंडीत किंवा जुन्या बादलीत लावा, तळाला भोकं पाडून. कंद खायच्या अळूचाच आहे ना, एवढी खात्री करून घ्या. आणि भिंतीला पांढरा चुना मारता आला तर मारा, उजेड परततो.

धागाकर्ती:
भिंत आमचीच आहे. रविवारी चुना.