पंच्याऐंशीव्या बॉलनंतर पिचर बदलायचा की नाही?

स्कोअरबुक :
गेल्या रविवारी आमच्या मुलांच्या बेसबॉल लीगची सेमीफायनल झाली आणि तेव्हापासून पालकांमध्ये सरळ दोन तट पडलेत. त्या मॅचची स्कोअरर मी होते, त्यामुळे सगळा रोष माझ्यावर आहे. इथे मैदानावर वाढलेली बरीच मंडळी आहेत, म्हणून नीट मांडते आणि तुमचं मत मागते.

लीग छोटी आहे. नऊ ते बारा वयाची मुलं, दादरच्या एका मैदानाचा कोपरा, तोही रविवारी सकाळी साडेदहापर्यंतच. मग क्रिकेटवाले येतात. नियम कोच आणि पालकांनी मिळून ठरवले. काही निव्वळ मैदानाचे आहेत. बॉल बाजूच्या क्रिकेट पिचच्या दोरीपलीकडे गेला की दोन बेस (एका रनासाठी गाठायच्या चार टप्प्यांपैकी दोन), झाडात अडकला तरी दोन बेस. त्यावर कधी वाद झाला नाही. बेसबॉलमध्ये अशी मुभा आहेच. शिकागोच्या रिगली फील्डवर भिंतीभर वेल आहे, त्यात बॉल अडकला तर दोन बेस देतात. जिथे खेळतो तिथल्या जमिनीचा नियम.

वाद आहे तो पिचरने, म्हणजे बॅटरला बॉल टाकणाऱ्या मुलाने, किती बॉल टाकायचे यावर. आम्ही लिटल लीगचा, म्हणजे अमेरिकेतल्या मुलांच्या बेसबॉल संघटनेचा, तक्ता जसाच्या तसा घेतला होता. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला एका दिवसात ७५ बॉल, अकरा-बारा वर्षांच्याला ८५. समोरचा बॅटर खेळत असताना मर्यादा आली, तर तेवढा बॅटर पुरा करू द्यायचा. शिवाय ६६ किंवा जास्त बॉल टाकले तर पुढचे चार दिवस पिचिंग नाही.

सेमीफायनलची शेवटची, सहावी इनिंग. आमच्याकडे एका रनाची आघाडी, दोन आउट, तिसऱ्या बेसवर एक रनर. आमचा बारा वर्षांचा पिचर ८३ वर होता. पुढचे चारही बॉल बाहेर गेले म्हणून समोरचा बॅटर फुकट पहिल्या बेसवर गेला, आकडा ८७ झाला. मी हात वर केला, अंपायरने पिचर बदलायला लावला. नवीन मुलगा दहा वर्षांचा. त्याच्या तिसऱ्या बॉलवर फटका बसला, दोन्ही रनर आत आले, आम्ही हरलो. बदललेला मुलगा डगआउटमध्ये, म्हणजे टीमच्या बाकावर, टोपी तोंडावर घेऊन रडत होता. एक आउट हवा होता, फक्त एक.

मला आजही वाटतं की मी केलं ते बरोबर. पण इतके जण चुकीचं म्हणतायत की ऐकून घ्यायची तयारी आहे.

जुना कॅचर :
ताई, तुम्ही नियम पाळलात, तुमची चूक नाही. नियम चुकीचा आहे.

लिटल लीगचा आकडा अमेरिकेतल्या मुलांसाठी आहे. तिथे पोरगं शाळेसाठी खेळतं, क्लबसाठी खेळतं, उन्हाळाभर दौऱ्यावर जातं. आपली पोरं वर्षाला किती मॅच खेळतात? पावसाळ्यात मैदानात पाय रुततो, मे महिन्यात अर्धी मुंबई गावाला गेलेली. हातात राहतात दहा-बारा रविवार. इतक्या कमी खेळात हाताला काय होणार आहे?

मी पोरांना शिकवतो. पिचर दमला की मला आकडा लागत नाही. कोपर खाली यायला लागतं, पाय आखडता पडतो, बॉल वर वर जायला लागतात. हे बघणारा कोच तिथे उभा असताना स्कोअरबुकातला आकडा त्याच्यावर का चालवायचा? एखादा साठावर दमतो, एखादा शंभरावर ताजा असतो.

आणि जपान विसरू नका. १९९८ साली कोशिएनला, म्हणजे तिथल्या शाळांच्या मोठ्या बेसबॉल स्पर्धेत, शाळकरी दाइसुके मात्सुझाकाने एका मॅचमध्ये १७ इनिंग टाकल्या, २५० बॉल. पुढे तो अमेरिकेत वर्ल्ड सिरीज, म्हणजे तिथल्या मोठ्या लीगची फायनल, जिंकणाऱ्या टीममध्ये होता.

तिसरा बेस :
सर, मात्सुझाकाची गोष्ट अर्धीच सांगितलीत. २०११ मध्ये त्याच्या कोपराचं ऑपरेशन झालं. ते त्याच दिवसामुळे झालं असं कुणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही, पण निदान त्याचा हात लोखंडाचा होता असं तरी म्हणू नये. आणि ज्या जपानचं उदाहरण देताय, त्या जपानने २०२० पासून शाळकरी पिचरला आठवड्याला ५०० बॉलची मर्यादा घातली. ती मर्यादा फार सैल आहे. पण इतक्या वर्षांच्या अभिमानानंतर त्यांनाही आकडा लिहावासा वाटला, हे महत्त्वाचं.

फिजिओताई :
मी खेळाडूंच्या खांद्या-कोपरांवरच काम करते, म्हणून थोडं लांबण लावते.

मुंबईतल्या पालकांच्या मनात बोलिंगचं चित्र असतं. पोरगा नेटमध्ये तासभर बोलिंग करतो, मग पिचिंगने काय होतंय! पण दोन्हींत हात वेगळा चालतो. क्रिकेटमध्ये कोपर १५ अंशांपेक्षा जास्त सरळ झालं तर नो-बॉल. पिचर मात्र कोपर दुमडतो आणि झटक्यात सोडतो. त्या झटक्याचा ताण कोपराच्या आतल्या बाजूला येतो. मोठ्या माणसाचं तिथलं लिगामेंट (हाडांना जोडणारा पट्टा) फाटतं. १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन नावाच्या पिचरवर केलेलं ऑपरेशन त्यासाठीच होतं. बारा वर्षांच्या मुलाचं लिगामेंट टिकतं, पण ते हाडाला जिथे धरलेलं असतं तिथलं हाड अजून वाढतंय. मध्ये कूर्चेचा थर असतो, तो पंधरा-सोळाच्या आसपास भरून येतो. मुलाच्या हातातली सगळ्यात कच्ची जागा तीच, आणि ताण नेमका तिथेच. या दुखण्याला डॉक्टर ‘लिटल लीग एल्बो’ म्हणतात, इतकं ते ओळखीचं आहे.

जुना कॅचर, तुमच्या नजरेवर माझा विश्वास आहे. पण कोपर खाली आलेलं दिसतं तेव्हा दमणं होऊन गेलेलं असतं. आकडा त्याच्या आधी थांबवतो. शिवाय सेमीफायनलच्या शेवटच्या इनिंगला, एक आउट बाकी असताना, कुठल्या कोचची नजर ‘दमला’ म्हणते? मी अशा वेळी मैदानात उभी राहिलेय. त्या क्षणी मलासुद्धा तो मुलगा ताजाच दिसला असता.

कांगा लीगवाला :
मी क्रिकेटचा माणूस, त्यामुळे कोपराच्या गोष्टीत पडत नाही. नियमाबद्दल बोलतो.

मुंबईतली क्रिकेटची कांगा लीग १९४८ पासून भर पावसाळ्यात खेळली जाते. एका मॅचचा फाइन लेगवाला शेजारच्या मॅचच्या पॉइंटला पाठ लावून उभा असतो. तिथे तडजोडीशिवाय खेळ होतच नाही. तडजोड चालते, कारण दोन्ही टीमना ती पटलेली असते आणि दोघींनाही सारखीच जाचते. तुमचा झाडाचा नियम तसा आहे. पिचरच्या आकड्याचा नियम तसा नाही. ज्या टीमकडे तीन पिचर आहेत तिला काहीच जाच नाही, ज्यांच्याकडे एकच पोरगा सरळ बॉल टाकतो त्यांचं कंबरडं मोडतं. म्हणजे मोठ्या सोसायट्यांच्या टीमला तो फायद्याचा आहे. निदान सेमी आणि फायनलला दोन्ही कोचच्या संमतीने दहा-पंधरा बॉल वाढवायची सोय ठेवा.

स्कोअरबुक :
काका, एकाच पिचरवर चालणाऱ्या टीमचा मुद्दा खरा आहे आणि तो मला बोचतो. पण त्याचा उपाय दुसरा पिचर तयार करणं हा आहे. आमच्या त्या दहा वर्षांच्या मुलाला पूर्ण लीगमध्ये दोन इनिंग मिळाल्या होत्या. सेमीफायनलला त्याला थेट आगीत ढकललं, ही आम्हा मोठ्यांची चूक.

संमतीची सोय मला अजिबात मान्य नाही. फायनलला दोन्ही कोच संमती देतील, कारण दोघांनाही आपापला चांगला पिचर हवा असतो. संमती देत नाही तो मुलगा, आणि त्याला कुणी विचारत नाही. विचारलं तरी तो ‘टाकतो’ असंच म्हणणार.

पिचरचा बाबा :
ज्याला बाहेर काढलं तो माझा मुलगा. इथे लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण राहवेना.

आम्ही चाळीत राहतो. क्रिकेटचं किट आणि कोचिंगची फी परवडत नाही. बेसबॉलला गर्दी कमी म्हणून त्याला पाठवलं. जिल्हा, राज्य असं पुढे गेला तर दहावीला क्रीडा गुण मिळतात, पुढे नोकरीला खेळाडूंच्या कोट्याचा आधार असतो. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकला बेसबॉल परत येतोय, हे तो भिंतीवर लिहून झोपतो. तुमच्यासाठी हा रविवारचा खेळ असेल, आमच्यासाठी नाही. त्या दिवशी निवड करणारे दोघं बघायला आले होते. त्यांनी काय पाहिलं? पोराला काढलं आणि टीम हरली.

माझा मुलगा दमलेला नव्हता. तो दणकट आहे. शुक्रवारीच शाळेकडून पाच इनिंग टाकल्या होत्या, रविवारी सकाळी पुन्हा उभा राहिला, एका शब्दाने कुरकुरला नाही. अशा पोराला तुम्ही ८७ वर थांबवता?

स्कोअरबुक :
दादा, तुमचा राग मी समजू शकते. निवडीचं मला माहीत नव्हतं, त्याबद्दल मनापासून वाईट वाटतं. तुम्हाला हवं असेल तर मी स्वतः त्या दोघांना भेटून सांगेन की काढण्याचं कारण फक्त आकडा होता. स्कोअरबुक घेऊन जाईन, त्याने पहिल्या पाच इनिंगमध्ये काय केलं ते त्यात आहे.

पण शुक्रवारी पाच इनिंग? हे लीगमध्ये कुणालाच माहीत नव्हतं. पाच इनिंग म्हणजे सत्तर-ऐंशी बॉल सहज. आमच्याच तक्त्याप्रमाणे शनिवार ते मंगळवार विश्रांती, बुधवारपर्यंत बॉल हातात द्यायचा नव्हता. म्हणजे मी ८७ वर थांबवला असं म्हणत होते, तो प्रत्यक्षात तीन दिवसांत दीडशेच्या पुढे होता. मला त्या रविवारी पहिलाच बॉल थांबवायला हवा होता.

जुना कॅचर :
हे वाचून मला गप्प बसवेना. ८५ च्या आकड्याला माझा विरोध होता आणि आहे. पण शुक्रवार आणि रविवार? मी वर लिहिलं की आपली पोरं कमी खेळतात. माझ्या हाताखालची पोरं शाळेकडून किती टाकतात, हे मी एकालाही कधी विचारलेलं नाही. उद्यापासून विचारणार.

तरी अडचण सांगतो. शाळा वेगळी, लीग वेगळी, क्लब वेगळा. शाळेच्या सरांना तुमच्या लीगचा नियम का बांधील असावा? पोराचे सगळीकडचे बॉल लिहायला तुम्ही वही काढाल, सही मागाल, ते देणार नाहीत. आणि पोरं खोटं बोलतील, कारण खरं बोललं तर बाकावर बसावं लागतं.

तिसरा बेस :
२००७ पर्यंत लिटल लीगसुद्धा इनिंग मोजायची, बॉल नाही. मोजण्याची सवय तिथेही मागाहूनच लागली. शाळेची सही नको, मुलाच्या घरच्यांची पुरे. रविवारी नाणेफेकीआधी दोन्ही कोच एकमेकांना वही दाखवतील.

आणखी एक. दहा रनांचा नियमही यातच धरा. चार इनिंगनंतर दहा रनांचा फरक असेल तर मॅच संपवायची. काही पालकांना तो हरणाऱ्यांचा अपमान वाटतो. पण सगळ्यात जास्त बॉल हरणाऱ्या टीमच्या पिचरला टाकावे लागतात. २०१६ मध्ये कल्याणला प्रणव धनावडेने नाबाद १००९ केले, त्याच्या शाळेने ३ बाद १४६५ वर डाव सोडला, समोरची शाळा ३१ आणि ५२ वर आटोपली. आपण सगळ्यांनी तो विक्रम डोक्यावर घेतला, तो होताच तसा. पण त्या दोन दिवसांत समोरून बोलिंग कोणी टाकली, त्यांच्या खांद्यांचं काय झालं, हे विचारल्याचं मला आठवत नाही.

कांगा लीगवाला :
हा मुद्दा मान्य. संमतीने बॉल वाढवायचं माझं मागणं मागे घेतो. एकच पिचर असलेल्या टीमसाठी मात्र काहीतरी करा. लीगमध्ये दर मॅचला प्रत्येक टीमने किमान दोन पिचर वापरलेच पाहिजेत, असा नियम करा. म्हणजे दुसरा पोरगा सेमीफायनलच्या आधी तयार होईल.

पिचरचा बाबा :
वही मी ठेवीन. पण सगळ्यांनी ठेवली तर. एकट्या माझ्या पोराच्या वहीत आकडे दिसले आणि बाकीच्यांच्या कोऱ्या राहिल्या, तर बाकावर माझाच बसेल. आणि स्कोअरर ताई, तुम्ही त्या दोघांना भेटा. शनिवारी ते पुन्हा मैदानावर असतात.

स्कोअरबुक :
शनिवारी साडेसात वाजता येते.

सॉफ्टबॉलवाली :
सगळं वाचलं, पण कॅचरबद्दल, म्हणजे बॅटरच्या मागे बसून पिचरचा बॉल पकडणाऱ्याबद्दल, कुणीच बोललं नाही. मी शाळेत सात वर्षं कॅचिंग केलं. पिचरचा जवळपास प्रत्येक बॉल कॅचर परत फेकतो, शिवाय बेसवर थ्रो वेगळे. लिटल लीगमध्ये ज्याने चार इनिंग कॅचिंग केलं तो त्या दिवशी पिचिंग करू शकत नाही, आणि ४१ किंवा जास्त बॉल टाकलेला पिचर त्या दिवशी कॅचर होऊ शकत नाही. तुमच्या तक्त्यात हे घेतलंय का? सेमीफायनलला त्या मुलाला पिचिंगवरून काढल्यावर कुठे उभं केलं होतं?

स्कोअरबुक :
डगआउटमध्ये बसवलं, त्या दिवशी तरी वाचलो. पण लीगच्या दुसऱ्या मॅचला त्यालाच पिचिंगनंतर दोन इनिंग कॅचर ठेवलं होतं, स्कोअरबुकात आत्ता पाहिलं. हा नियम आमच्याकडे नाही. पुढच्या रविवारी मी पिचर मोजेन, कॅचर मोजायला तुम्ही येता का?