पन्हळ टोकापर्यंत गेली म्हणजे नकली नव्हे
'पात्यावरची पन्हळ (पात्याच्या लांबीभर कोरलेली उथळ खाच) थेट टोकातून बाहेर पडत असेल तर तो जुना म्हणून दाखवलेला सुरा आजकालचा बनावट' असं काही जण म्हणतात, ते मत मला पटत नाही. लांब पातं छाटून आखूड केलं की असं होणारच. अमेरिकन सैन्याने 1943 मध्ये 16 इंची एम 1905 संगिनी कापून 10 इंची केल्या, त्यांची पन्हळ अशीच टोकापर्यंत धावते. सुरुवातीपासून 10 इंची घडवलेल्या एम 1 संगिनीत ती टोकाच्या अलीकडे थांबते. ग्लेंडेल, कॅलिफोर्निया इथे अमेरिकन लष्करी अधिकारी जॉर्ज पॅटनने आखलेल्या 1913 च्या सेबरपासून (घोडदळाच्या तलवारीपासून) बनवलेले अँडरसन सुरेही तलवारीच्या तुकड्यांचेच आहेत. मुठीजवळचा तुकडा असेल तरच बनवणाऱ्याचा शिक्का नि साल सापडण्याची आशा. त्यामुळे शिक्का नाही म्हणून सुरा बाजूला टाकू नका, प्लीज.

त्यापेक्षा भिंगाखाली पन्हळीचा तळ आणि नव्याने घासलेली टोकाची उतरण शेजारी शेजारी बघा. पन्हळीत काळसर थर मुरलेला आणि उतरण मात्र लख्ख, तर छाटणी अलीकडची असण्याची शक्यता दाट (कुणी हौसेने पॉलिश केलं नसेल तर). टोकाशी निळसर झाक दिसली तर घासताना पोलाद 300 अंशांच्या आसपास तापलंय, म्हणजे तिथलं पाणी (पोलादाचा कडकपणा) उतरलेलं असू शकतं. आणि कृपा करून तो काळसर थर घासून काढू नका, सगळा पुरावा त्यातच असतो.